डोंगराकडे घर, समुद्राकडे माहेर

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा संपादक म्हणाले, "जपानबद्दल लिहा ना. तिथली फुलं, बुलेट ट्रेन, शिस्त." मी म्हटलं, फुलं मी पाहिली, पण चौथ्या मजल्याच्या खिडकीतून, एका आजोबांना भरवता भरवता. बुलेट ट्रेनचा प्रवास एकदाच केला, तोही उभ्यानं. शिस्तीबद्दल माझ्यापेक्षा माझ्या कमरेला जास्त ठाऊक आहे. मला लिहिता येईल ते माझ्या कामाबद्दल, आणि जिथं ते काम केलं त्या भागाबद्दल. ते "चालेल" म्हणाले. त्यांचा आवाज काही फार खूष नव्हता.

मी किल्लारीची. नांदेडला नर्सिंग केलं, लातूरला एका खासगी दवाखान्यात बरीच वर्षं पाळ्या केल्या, मग जपानी भाषेच्या परीक्षा देऊन कोबे नावाच्या शहरात वृद्धनिवासात काळजीवाहक म्हणून गेले. यंदा परत आले. मी तिकडं असताना गावात कुणी चौकशी केली की आई ठसक्यात सांगायची, "नर्स हाय, जपानला." खरं तर तिथं नर्स वेगळी. आमचं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उठवणं, बसवणं, आंघोळ घालणं, भरवणं, लंगोट बदलणं. सुट्टीवर आले असताना शेजारच्या काकूंना मी हे खरं खरं सांगितलं, तर त्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "आगं माय! म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणंच काढायचं हुतं, तर इथं काय कमी म्हातारे हैत का?"

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ते काम साधं नाही, एवढं मला छातीठोकपणे सांगता येईल. माझ्या दीडपट वजनाच्या माणसाला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं तर जोर लावून भागत नाही. त्याचा एक पाय, तुमचा एक गुडघा आणि त्याचाच झोक, यांचा मेळ बसवावा लागतो. गिळता न येणाऱ्याला पाणीसुद्धा पिठल्यासारखं घट्ट करून द्यावं लागतं, नाहीतर ते श्वासनळीत जातं. आणि कुणालाही हात लावायच्या आधी सांगायचं: आता मी तुमचा दंड धरते, आता कूस वळवते. समोरच्याला कळो न कळो, सांगायचंच. लातूरच्या दवाखान्यात आम्ही पेशंटला न विचारता धरून सरळ करत होतो. माझी ती सवय मोडायला बराच काळ गेला.

आता तो भाग. कोबे शहर म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधली एक अरुंद पट्टी. त्या पट्टीच्या पश्चिमेकडच्या एका भागाचं नाव नागाता. नावाचा अर्थ लांब शेत, असं मला सांगितलं गेलं, पण आता तिथं औषधालाही शेत नाही. तिथली माणसं उत्तर-दक्षिण फारसं बोलत नाहीत. दुकान कुठं आहे विचारलं तर म्हणतात, सिग्नलच्या डोंगराकडच्या बाजूला. दवाखाना समुद्राकडच्या बाजूला. मला हे पहिल्या दिवसापासून आवडलं. आमच्याकडंही जुनी माणसं वरल्या अंगाला, नदीच्या अंगाला असंच बोलतात.

समुद्राजवळ कोमागाबायाशी नावाची जुनी कोळ्यांची वस्ती आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटावं, इतक्या चिंचोळ्या तिथल्या गल्ल्या. आमच्या निवासातल्या आजी सांगायच्या की त्यांच्या लहानपणी गल्ली संपली की लगेच वाळू होती आणि वाळूवर जाळी सुकायची. पुढं समुद्रात भराव टाकून जमीन केली, तिच्यावर कारखाने आणि गोदामं उभी राहिली. समुद्र दिसतो, पण दूर ढकललेला.

गल्ल्यांच्या वर, डोंगराच्या अंगाला, जोड्यांचा धंदा होता. हे मला ओगावा-सान या आजोबांनी सांगितलं. (तिथं नावापुढं सान लावतात, आपल्या राव-बाईसारखं.) ते जोडे बेतायचे लाकडी साचे करत. आमच्याकडं आले तेव्हा त्यांना स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नव्हतं, पण कुणीही समोर आलं की ते आधी पाय बघायचे, मग तोंड. मला पहिल्या दिवशी त्यांनी मोजे काढायला लावले. बराच वेळ पंजा निरखून म्हणाले, "हा अनवाणी वाढलेला पाय. याला आमच्याकडं साचा नाही." मी किल्लारीच्या काळ्या रानात वाढले हे माझ्या अर्जात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

ओगावा-सान सांगत, या भागात आधी आगपेट्या झाल्या, मग रबर आलं, आणि युद्धानंतर नकली कातड्याचे जोडे. सगळ्या गल्लीचा मिळून एक कारखाना. एका घरात कापायचं, दुसऱ्यात शिवायचं, तिसऱ्यात तळवा चिकटवायचा, चौथ्यात खोक्यात भरायचं. अर्धामुर्धा जोडा सायकलवरून या घरातून त्या घरात फिरायचा. कोरियातून आलेली, दक्षिणेच्या बेटांवरून आलेली, पुढं व्हिएतनाममधून आलेली माणसं याच गल्ल्यांत एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहिली. घरं लाकडी, वर कौलांचं ओझं, आणि आत चिकटवायच्या सोल्युशनचे डबे. मग एका जानेवारीत, उजाडायच्या आधी भूकंप झाला. घरं बसली आणि मागोमाग आग लागली. गल्ल्याच्या गल्ल्या जळाल्या. आता तिथं रुंद रस्ते आहेत, उंच इमारती आहेत, मधूनमधून छोट्या बागा आहेत. आमचं निवासही त्यातल्याच एका इमारतीत होतं.

आमच्या किल्लारीचा भूकंप याच्या थोडाच आधीचा. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. मी चार वर्षांची होते, मला काही आठवत नाही. माझा मोठा भाऊ बाळू त्यात गेला. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं धाबं. ते खाली आल्यावर काय राहणार. पुढं सरकारनं लांब नवं गाव वसवलं, सरळ रस्ते आखले, घरांना नंबर दिले. पण आई अजून त्याला गाव म्हणत नाही, वसाहत म्हणते. दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी उरलेली ती जुनी जागा, ते तिचं गाव.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले, त्या हिराता-सान. बुटक्या, ताठ, ऐंशीच्या पुढच्या. हातात कायम एक काळी पर्स. हयातभर त्यांनी घरी बसून जोड्यांचे वरचे भाग शिवले होते, त्यामुळं रिकामी बोटंसुद्धा मांडीवर टाके घालत असायची. दिवसभर शहाण्यासारख्या वागायच्या. ऊन उतरायला लागलं की पर्स घेऊन लिफ्टसमोर उभ्या राहायच्या.

"निघते मी. घरी जायला पायजे."

त्यांची बोली आम्हाला वर्गात शिकवलेली जपानी नव्हती. वर्गातली जपानी पुण्याची, आणि हिराता-सानची आमच्या भागातली, असा माझ्या कानाचा हिशेब होता. म्हणून त्यांचं बोलणं इथंही मी माझ्या कानाला आलं तसंच लिहिते.

विसराळूपणाच्या आजारात संध्याकाळी अशी घरची ओढ पुष्कळांना लागते. अशा वेळी "तुमचं घर आता नाही" असं कधीच म्हणायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. वादही घालायचा नाही. "चहा घेऊन जा ना," म्हणायचं. चहा होईपर्यंत जेवण येतं, जेवणानंतर झोप येते. बहुतेकांना हे पुरतं. हिराता-सानना पुरत नसे. त्या चहा घ्यायच्या, कप धुवायच्या, पुसायच्या, आणि पुन्हा लिफ्टसमोर.

"कोण हाय घरी?" मी विचारलं, की म्हणायच्या, "एकटी हाय ती." कोण एकटी, ते सांगायच्या नाहीत.

दोनदा त्या निसटल्या. एकदा पाहुण्यांच्या घोळक्यातून खाली गेल्या आणि स्टेशनजवळच्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडल्या. दुसऱ्या वेळी पडल्या, मनगट मोडलं. मग आमच्या मजल्याच्या प्रमुख मोरी-सान यांनी त्यांच्या मुलाला बोलावून घेतलं. केंजी-सान ओसाकाला नोकरीला होते, दर रविवारी यायचे, आईसमोर तासभर बसायचे आणि दोघं मिळून सहा-सात वाक्यं बोलायचे. मोरी-सान त्यांना म्हणाल्या की आता आमच्यानं सांभाळणं होत नाही. डोंगरापलीकडं एक दवाखाना आहे, तिथल्या दारांना कुलपं असतात. केंजी-साननी महिनाभराची मुदत मागितली.

मी तो दवाखाना पाहिला होता. आमच्याकडचे एक आजोबा तिकडं गेले होते, त्यांचं सामान पोचवायला मी गेले होते. वाईट काहीच नव्हतं, सगळं स्वच्छ होतं. पण खिडकीतून ना समुद्र दिसत होता ना डोंगर. हिराता-सान तिथं गेल्या तर दिशेवाचून राहतील आणि आठ दिवसांत अंथरुणाला खिळतील, हे मला दिसत होतं. मी फार अस्वस्थ झाले.

त्यांना घर दाखवायचा प्रयत्न आधी झाला होता. पत्ता विचारला की त्या जुन्या वस्तीचं नाव आणि घराचा आकडा बिनचूक सांगायच्या. पण आगीनंतर सगळ्या भागाची नव्यानं आखणी झाली होती, त्या आकड्यावर आता गाड्यांचा तळ होता. केंजी-सान त्यांना तिथं घेऊन गेले, तर त्या म्हणाल्या, "हे न्हाई. मला फसवू नको." आणि गाडीत बसून रडल्या.

एका संध्याकाळी मी लिफ्टसमोर त्यांच्याशेजारी उभी होते. चहा घ्या म्हणायचा मलाच कंटाळा आला होता. आणि माझ्या तोंडातून आमच्या गावचा प्रश्न निघून गेला. नव्या किल्लारीत दोन म्हातारी माणसं पहिल्यांदा भेटली की घर नंबर कुणी विचारत नाही. "जुन्या गावात कुणाच्या शेजारी हुता तुमी?" असं विचारतात. एक शेजारी सांगितला की दुसरा निघतो, त्याच्यापुढचा निघतो, आणि बसल्या जागी आख्खी आळी उभी राहते.

मी विचारलं, "समुद्राच्या अंगाला शेजारी कोण हुतं तुमच्या?"

हिराता-साननी माझ्याकडं बघितलं. पर्स या हातातून त्या हातात घेतली.

"टोफूवाला," त्या म्हणाल्या. "पहाटं सोयाबीन शिजवायचा, आमची भित गरम व्हायची. थंडीत लई बरं वाटायचं."

"आन् डोंगराच्या अंगाला?"

"किमबाई. तळवे चिकटवायची. गाणं म्हणत चिकटवायची."

"टोफूवाल्याच्या पल्याड?"

"समद्या गल्लीचं न्हाणीघर. त्याचं धुराडं समुद्रावरनं दिसायचं. त्येच्या बाजूनं खाली उतरलं की माझं माहेर, कोळीवाड्यात."

लातूरच्या माणसाला सोयाबीन म्हणजे मोंढ्यातले, धान्यबाजारातले ढीग. ते पहाटे उठून शिजवून त्याचं पनीर, म्हणजे टोफू, करणारा माणूस, त्याच्या भिंतीची ऊब, हे मला त्या लिफ्टसमोर उभ्या उभ्या दिसायला लागलं. त्या दिवशी त्या जेवायला स्वतःहून वळल्या. मग मी रोज विचारू लागले. कधी वरून खाली, कधी खालून वर. शेजाऱ्यांचा क्रम एकदाही चुकला नाही.

न्हाणीघर कुठं होतं ते ओगावा-सानना ठाऊक होतं, तिथं ते रोज संध्याकाळी जात. माझ्या पायाकडं बघतच त्यांनी सांगितलं, "न्हाणीघराच्या वरच्या अंगाला आता बाग आहे. कापराचं मोठं झाड दिसेल. एका बाजूनं जळलेलं आहे, पण जिवंत आहे."

मी मोरी-सानकडं गेले. म्हटलं, आकड्यावरून घर सापडत नाही, पण माहेरापासून चालत गेलं तर सापडेल. कोळीवाडा आगीतून वाचलेला आहे. तिथून त्यांचे पायच त्यांना नेतील. मोरी-सान कडक बाई, पण माणसाचं ऐकून घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, केंजी-सान बरोबर असतील तर जा.

मार्चचा रविवार होता. त्या दिवसांत तिथं एक बारीक मासळी येते आणि प्रत्येक घरात ती सोया सॉस आणि साखरेत आटवत ठेवतात. कोळीवाड्याच्या सगळ्या गल्लीत तो वास कोंडला होता. गल्लीच्या तोंडाशी हिराता-सान थांबल्या, नाकानं खोल श्वास घेतला, आणि मग जे चालायला लागल्या ते आम्हा दोघांना मागं टाकून. डावीकडं वळल्या, एका बोळात शिरल्या, एका दाराच्या चौकटीवर मोडलेला हात टेकवला. "आईचं घर," म्हणाल्या. मग डोंगराकडं तोंड केलं.

कोळीवाडा संपला, रुंद रस्ता लागला. इथंच त्या नेहमी बावरायच्या. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "धुराडं." त्या मान वर करून काहीच नसलेल्या आभाळाकडं बघत चालत राहिल्या. "न्हाणीघर," मी म्हटलं. "हां," त्या म्हणाल्या. "टोफूवाला." "हां." आणि त्या थांबल्या. समोर छोटी बाग होती. घसरगुंडी, दोन बाकं, आणि कापराचं झाड. खोडाची डोंगराकडची बाजू काळी ठिक्कर होती, वर मात्र हिरवागार पसारा. त्या बाकावर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली. त्यांना ओळख पटली होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला केंजी-सान बसले. ते एवढंच म्हणाले, "इथं आहे होय."

आणि मी तो प्रश्न विचारला.

तो समजायला आमच्याकडची रीत सांगायला हवी. भूकंपानंतर आमच्या भागात कुठंही दोन बायका भेटल्या, लग्नात, बाजारात, एसटीत, की पहिला प्रश्न तोच: तुमच्यातलं कोण कोण गेलं? त्यात काही आगाऊपणा नाही. उलट विचारलं नाही तर माणूस उफराटा समजतात. आमच्या घरी कुणीही आलं की आई तेच सांगायची, "एक पोरगं गेलं. झोपेतच गेलं. काय कळलं बी न्हाई त्याला." मग दोघी पदरानं डोळे पुसायच्या आणि चहा व्हायचा. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की ते वाक्य मला आमच्या घराच्या पत्त्यासारखं पाठ झालं होतं.

म्हणून त्या बाकासमोर खाली बसून, हिराता-सानचे हात हातात घेऊन मी विचारलं, "तुमच्यातलं कोण गेलं?"

केंजी-सान ताडकन उभे राहिले. "कृपा करून," ते मला म्हणाले, "आईला हे विचारू नका. आम्ही हे बोलत नाही." जपानमध्ये असं विचारत नाहीत, हे मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं. पण प्रश्न जाऊन पोचला होता.

"युमी," हिराता-सान म्हणाल्या.

युमी म्हणजे केंजी-सानची धाकटी बहीण. पुढचं त्या झाडाकडं बघत बोलल्या, अगदी सपाट आवाजात.

"माझी आई आजारी हुती. त्या रातीला मी तिच्याकडं झोपले, खाली कोळीवाड्यात. युमीला शाळा हुती. दार लावून घे म्हटलं. सकाळी येते म्हटलं." बोटं मांडीवर टाके घालत होती. "हाललं तसं पळत आले. घर बसलं हुतं. कौलं समदी रस्त्यावर. मी हाक मारली. तिनं ओ दिली."

केंजी-साननी मान वर केली.

"किमबाई आली, टोफूवाला आला. हातानंच उपसलं. तुळई हालंना. डोंगराच्या अंगानं आग आली. नळाला पाणी न्हाई. युमी आतून म्हणाली, आई, तू जा. मी न्हाई म्हटलं. ती परत म्हणाली, जा ना. किमबाईनं मला वढून नेलं." त्या पहिल्यांदाच मुलाकडं वळल्या. "तू ओसाकाहून आलास. तुला मी सांगितलं, झोपेतच गेली. काहीच कळलं न्हाई तिला."

मग मी गळा काढला. आमच्याकडं दुसऱ्याचं दुःख ऐकून बाया गळ्यात पडून मोठ्यानं रडतात, तशी मी हिराता-सानच्या गळ्यात पडून रडले. घसरगुंडीवरच्या पोरांना त्यांच्या आया लांब घेऊन गेल्या. मी का एवढी रडले ते त्या क्षणी मलाही नीट कळलं नाही. हिराता-सान रडल्या नाहीत. माझ्या पाठीवर थोपटत राहिल्या. केंजी-सान झाडाजवळ गेले आणि त्या काळ्या खोडावर तळहात ठेवून आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

निवासात परतल्यावर मोरी-सान यांनी मला खोलीत बोलावलं. "सांगितलेलं ऐकून घेणं हे आपलं काम. उकरून काढणं नव्हे," त्या म्हणाल्या. माझा मजला बदलला. मोरी-सानचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. दुसऱ्या एखाद्या आजींना तोच प्रश्न सोसला नसता. पण हिराता-सानना आता नक्की डोंगरापलीकडं पाठवणार, आणि ते माझ्यामुळं, या विचारानं मला तो आठवडाभर जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी केंजी-सान मला शोधत वरच्या मजल्यावर आले. कमरेत वाकून उभे राहिले. मीही वाकले. मला वाटलं, तक्रार करणार.

"मी त्या दिवशी घरी नव्हतो, वाचलो," ते म्हणाले. "म्हणून आई माझ्याशी मोकळी होत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. बहीण गेली आणि मी राहिलो, हा तिचा माझ्यावर राग असेल असं वाटायचं. तसं नव्हतं." मग पुन्हा वाकले आणि म्हणाले, "आईला त्या दवाखान्यात पाठवत नाही. मोरी-सानशी बोललो आहे. रविवारी मी तिला बागेत नेत जाईन."

आणि ते नेत राहिले. ऊन असो, बर्फाळ वारा असो, मुलगा आणि आई कोळीवाड्यातून वर चढत जायचे, बाकावर बसायचे. मलाही काही महिन्यांनी माझा जुना मजला परत मिळाला. आजार काही बरा झाला नाही, तो होतच नसतो. संध्याकाळी पर्स घेऊन लिफ्टसमोर उभं राहणं चालूच होतं. वाक्य तेवढं बदललं. आधी म्हणायच्या, घरी जायला पायजे. आता म्हणायच्या, युमीकडं जायचंय. मग मला खोटं न बोलता उत्तर देता यायचं: "रविवारी. केंजी-सान येणार हैत." "रविवारी व्हय," म्हणून त्या पर्स खाली ठेवायच्या. त्या पुन्हा कधी निसटल्या नाहीत.

पुढच्या वर्षीच्या थंडीत त्या गेल्या, त्यांच्याच पलंगावर, समुद्राकडच्या खिडकीशी. त्यांना मी शेवटचं न्हाऊ घातलं. आता पाठ धरते, आता कूस वळवते, असं नेहमीसारखं सांगत सांगत. तिथं गेलेल्या माणसाला मागच्या दारानं नेत नाहीत. ज्या लिफ्टसमोर त्या रोज उभ्या राहायच्या, तिच्यातूनच त्यांना खाली आणलं. पुढची दोन्ही दारं उघडली, आणि आम्ही सगळे दोन्ही बाजूंना वाकून उभे राहिलो. ओगावा-सान चाकाच्या खुर्चीत होते. केंजी-साननी आईच्या पायाशी तिचे जुने जोडे ठेवले होते, ते ओगावा-साननी निरखून पाहिले आणि म्हणाले, "आमच्याच गल्लीतले."

हे सगळं मी आईला फोनवर कधी सांगितलं नाही. यंदा परत आल्यावर एका दुपारी सांगितलं. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली, वसाहतीतल्या घरात आई एकटीच असते. ती ओसरीवर सूप घेऊन तूरडाळ निवडत बसली होती. मी टोफूवाल्यापासून सुरुवात केली. किमबाई आली, न्हाणीघर आलं. आई मधूनमधून "हाव का" म्हणत होती. मी बागेतल्या बाकापर्यंत आले. हिराता-सान मुलाला काय म्हणाल्या ते सांगितलं: झोपेतच गेली, काहीच कळलं नाही तिला.

सुपातला आईचा हात थांबला.

आमच्या घरी आलेल्या प्रत्येक बाईनं आईला विचारलं होतं, कोण गेलं. मी कधीच विचारलं नव्हतं. घरातलं माणूस कशाला विचारेल? मला ते पाठच होतं.

मी म्हटलं, "आई, आपला बाळू झोपेतच गेला का गं?"

समोरच्या सरळ रस्त्यावरून एक जीप गेली, तिची धूळ खाली बसली. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, भिंतीला हात टेकून उठली आणि पायांत चपला सरकवल्या.

"चल," ती म्हणाली. "गावात चल. इथं नको. तिथं सांगते."